लॅसेल्सचा सुरी आवाज

माझ्या नवऱ्याला, लॅसेल्सला, सगळी गल्ली खुळा म्हणायची तोवर मी सुखात होते. खुळ्याची बायको असणं काही अवघड नसतं. लोक कीव करतात, येताजाता एखादा नीरफणस हातावर ठेवतात, बाजारात कुणी फार घासाघीस करत नाही. तो हुशार आहे असं लोक म्हणायला लागले आणि तिथून माझे ग्रह फिरले. आता किंग्स्टनमध्ये कुणीही उठतो आणि मला सांगतो, "मिस आयसी, तुमचा माणूस म्हणजे अवलिया होता हो!" होता काय, मेल्यांनो? अजून आहे. मागच्या अंगणात आंब्याखाली बसलाय. हाक मारून बघा, ओ देतो का ते.

लग्न झालं तेव्हा तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि मी शाळेचे गणवेश शिवायचे. दुरुस्त करायचा म्हणजे काय, कपाळ! चालणारा रेडिओ उघडायचा, त्यातली एखादी तार भलतीकडे जोडायची, मग तो खरखरत, कण्हत बोलायला लागला की ह्याचा चेहरा असा फुलायचा, जसं काही पोर झालंय. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "राहू दे की असाच, मजेशीर येतोय आवाज." गिऱ्हाईक आईबापाचा उद्धार करत निघून जायचं. आमच्या कोपऱ्यावर मिस्टर यप यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं आणि दुकानामागे त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित करायची खोली केली होती. त्यांचं एक यंत्र बिघडलं म्हणून लॅसेल्सला बोलावलं. तो गेला तो तिथलाच झाला. जेवायलासुद्धा मला डबा घेऊन जावं लागायचं.

आमच्याकडे रेकॉर्डच्या एका बाजूला गाणारा गातो आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्यातून गाणाऱ्याला हाकलून देतात. उरतात ड्रम आणि खर्जातली बेस गिटार, मध्येच कुठेतरी गाणाऱ्याचा एखादा शब्द येतो, घुमतो, विरून जातो. ही दुसरी बाजू लॅसेल्सची. यंत्रापुढे बसून बटणं फिरवत तो काय काय करायचा! दुकानामागच्या अंगणात पावसाच्या पाण्याची जुनी तडकलेली टाकी होती. तिच्यात दोरीने कर्णा सोडायचा, दुसऱ्या टोकाला माईक टांगायचा आणि ड्रमचा आवाज टाकीतून फिरवून पुन्हा टेपवर घ्यायचा. शेजारची मिस पर्लिन दाराला खडूने क्रॉस काढायची, टाकीत भूत शिरलंय म्हणून. टेपचा लांबच लांब तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवायचा आणि तो झाडूच्या दांड्याभोवती फिरवत ठेवायचा, म्हणजे तोच ठोका पुन्हा पुन्हा येत राहतो. झाडू कुणी धरायचा? मी! माझ्या शिलाई मशिनीची खटखट त्याने एका गाण्यात घातली. ते गाणं गाजलं तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, खोटं कशाला बोलू.

गाणारे मात्र वैतागायचे. होपटन नावाचा एक गळेकाढू होता, तो एकदा तणतणत आला.

"लॅसेल्स, अरे मी अख्खं गाणं जीव तोडून गायलो, आणि तू त्यातलं फक्त 'अगं' ठेवलंस?"

"तेवढंच चांगलं होतं," लॅसेल्स म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नसायचा, खरंच वाटायचं त्याला तसं.

ह्या दुसऱ्या बाजूची आधी एक मऊ तबकडी कापायची, रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी लोकांना वाजवून दाखवायला, आणि ती वेंडेलला द्यायची. वेंडेल म्हणजे दांडगा माणूस, सोन्याचा दात, कपाटाएवढे कर्णे बाळगणारा. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात पत्र्याचं कुंपण घालून तो कर्णे उभे करायचा आणि सगळी वस्ती नाचायला लोटायची. गाणं आवडलं की लोक कुंपणाचे पत्रे बडवतात. पत्रे वाजले की सुई उचलायची आणि गाणं पहिल्यापासून लावायचं, ही आमच्याकडची रीत. न उचलणाऱ्याच्या अंगावर बाटल्या येतात.

लॅसेल्सची एक वाईट खोड होती. वेंडेलचे कर्णे त्यानेच बनवलेले, त्यामुळे एखादा खरखरला की हा मागची फळी काढून चालू कर्ण्याच्या पेटीत डोकं घालायचा, कुठला स्क्रू सैल झालाय ते ऐकायला. बाहेर उभं राहिलं तरी छातीत धडधडायचं, आणि हा आत! मी सदरा धरून ओढायचे. "बाहेर ये मुडद्या, कान जातील!" बाहेर येऊन तो हसायचा आणि म्हणायचा, "आतून फार सुंदर आहे गं, आयसी."

एका संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. दिवेलागणीला आमच्याकडे बारकी बेडकं शिट्ट्या घालायला लागतात, सगळी झाडं शिट्ट्यांनी भरून जातात. लॅसेल्स म्हणाला, "यंदा बेडकं मेली वाटतं सगळी. म्युनिसिपालिटीने औषध फवारलं असेल."

मला वाटलं थट्टा करतोय. बेडकं इतकी बोंबलत होती की माझ्याच कपाळात दुखत होतं. मी म्हटलं, "कानात बोळे घातलेत का?" तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं. तो चिडला. "तू हल्ली तोंडातल्या तोंडात का बोलतेस?"

मग हे रोजचंच झालं. माझा आवाज बारीक. पुरुषांचा जाडा आवाज त्याला अजून येत होता, त्यामुळे स्टुडिओत कुणाला पत्ता लागला नाही. घरात मात्र मीच पुटपुटणारी ठरले. आमच्या रस्त्यावरून शेंगावाल्याची गाडी जाते, तिच्या डब्यातून वाफेची शिट्टी सारखी वाजत असते. लॅसेल्सला शेंगांचं वेड. शिट्टी कानावर पडली की हातातलं काम टाकून धावायचा. एका शनिवारी तो फाटकाला टेकून उभा होता, पाठ रस्त्याकडे, आणि गाडी त्याच्या मागून, अगदी हातभर अंतरावरून, शिट्टी घालत गेली. हा गुणगुणत उभा. थोड्या वेळाने आत आला आणि मला विचारतो, "शेंगावाला गाव सोडून गेला का गं? महिना झाला दिसला नाही." माझ्या हातातून कात्री पडली. तीही त्याला ऐकू आली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडायलासुद्धा लपायची गरज नव्हती.

ह्याच सुमाराला त्याने एक तबकडी केली. ड्रमवरच्या झांजा त्याला मंद वाटायला लागल्या होत्या. "ह्या पोराच्या झांजांत दम नाही," असं ड्रमवाल्याला बोल लावत त्याने बारीक आवाजाचं बटण फिरवलं, फिरवलं, टोकाला नेलं. वेंडेलने ती मैदानात लावली तेव्हा मी तिथेच होते. पहिल्या ठोक्याला लोकांनी कान दाबले. झांज नव्हे, काच फुटत होती. मला वाटलं, झालं, आता बाटल्या येणार, पण निदान सगळ्यांना कळेल. बाटली आली नाही. कुणीतरी ओरडलं, "सुरी! सुरी फिरवली गळ्यावरून!" आणि मैदान पेटलं. पत्रे असे बडवले की एका बाजूचं कुंपण आडवं झालं. वेंडेलने किती वेळा सुई उचलली, देव जाणे.

झालं. सुरी आवाज! गावभर तेच. दुसऱ्या स्टुडिओतले लोक चोरून ऐकायला येऊ लागले, झांजांना कर्कश करायला कुणी पत्र्याचे तुकडे लावले, कुणी साखळ्या. माझ्या नवऱ्याचं बहिरेपण लोक नकलून काढत होते, आणि त्यांना ते जमत नव्हतं. रेडिओवरच्या एका माणसाने त्याला विचारलं, ह्या प्रयोगामागे विचार काय? लॅसेल्स म्हणाला, "विचार कसला, मला जसं बरं ऐकू येतं तसं करतो." सगळे केवढे हसले. मिस्टर यपने दुकानावर नवी पाटी लावली, आइस्क्रीमच्या वर त्याचं नाव.

मी त्याला ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. कानाची डॉक्टरीण तरुण होती, मायाळू होती. तिने कानाशी लोखंडी चिमटा वाजवला, कागदावर रेघा काढल्या, मग माझ्याकडे बघून हळू बोलली. वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. खालचे अजून आहेत. मोठ्या आवाजापासून आत्ता, ह्या घडीपासून लांब राहिला तर ते उरतील. नाही राहिला तर तेही जातील.

"काय म्हणतेय ती?" लॅसेल्सने विचारलं. मी त्याला ओरडून सांगितलं. बाकावर बसलेले सगळे रोगी आमच्याकडे बघायला लागले.

घरी आलो. मीठ लावलेल्या मासळीचं ताट समोर ठेवलं, ते त्याने तसंच सरकवलं. मग म्हणाला, "आयसी, कुणाला सांगू नकोस."

"का नको? सगळ्यांना सांगणार. उद्यापासून तू घरी बसायचंस."

"घरी बसून काय करू? रेडिओ दुरुस्त करू? कुठला आवाज ऐकून?"

"माझा ऐक! जेवढा राहिलाय तेवढा तरी ऐक!"

हे मी बोलले आणि माझं मलाच भडभडून आलं. त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, "माझं स्वतःचं गाणं मला ऐकू आलं नाही, की त्या दिवशी मी थांबेन. लपवाछपवी नाही. सगळ्यांसमोर माईकवर मी माझ्या तोंडाने सांगेन. तोवर मला काम करू दे." मी काय करणार होते? दाराला कुलूप लावलं असतं तर खिडकीतून गेला असता. हो म्हटलं.

पण मी काही हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. मी मिस्टर यपकडे गेले. म्हटलं, साहेब, सहा महिने त्याला सुट्टी द्या, त्याचे कान चाललेत. ते आइस्क्रीमचा चमचा खाली ठेवून हसायला लागले.

"मिस आयसी, नवरा घरी हवा असेल तर सरळ सांगा ना! बहिरा म्हणे! अहो, अख्ख्या बेटावर कुणाला ऐकू येत नाही ते त्याला येतं."

"त्याला येत नाही म्हणून तर ते तसं वाजतं, साहेब."

"हे बरं आहे. हे मी रेडिओवाल्याला सांगतो," ते म्हणाले आणि मला व्हॅनिला देऊ केलं.

वेंडेलकडे गेले. त्याने सगळ्यांना गोळा केलं. "ऐका रे, वहिनी म्हणतात लॅसेल्स बहिरा आहे! मग आम्ही काय, आंधळे?" होपटन म्हणाला, "बहिरा असता तर माझं गाणं एवढं कापलं नसतं, त्याला फार ऐकू येतं हेच दुखणं आहे." सगळे खिदळले. चर्चमध्ये मिस पर्लिन सगळ्या बायकांना सांगत होती की आयसीला नवऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही. मी पाद्रीबाबांकडे गेले, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मला समाधान मिळावं म्हणून! खरं बोलत होते मी, दिवसाढवळ्या, तोंडावर, आणि एक माणूस विश्वास ठेवेल तर शपथ. ह्यापेक्षा मी मुकी असते तर बरं झालं असतं असं वाटायचं.

आणि तबकड्या येतच राहिल्या, दर वेळी आणखी धारदार. प्रत्येक तबकडीबरोबर त्याच्यातलं किती गेलं ते मला समजायचं. आधी मिस पर्लिनचा कोंबडा गेला. मग फाटकाची कडी. मग मी त्याच्या डाव्या बाजूने बोलणं सोडून दिलं.

ऑगस्टमधल्या सुट्टीला वेंडेलने भर दुपारी मोठा नाच ठेवला. बकऱ्याच्या करीची पातेली, आल्याच्या पेयाची खोकी, इस्त्रीचे कडक कपडे घातलेली माणसं. वेंडेलने ह्या वेळी लॅसेल्सला मान दिला, नवी तबकडी त्याने स्वतःच्या हाताने लावायची. मीही गेले, निळा झगा घालून. त्याने दिलेला शब्द माझ्या लक्षात होता आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. आज न ऐकू येवो, असं मी देवाकडे मागत होते. आज थांबला तर निदान पुरुषांचे आवाज, गडगडाट, चर्चची घंटा, एवढं तरी राहील त्याच्याजवळ.

त्याने सुई ठेवली. बेस असा उठला की खोक्यांतल्या बाटल्या किणकिणायला लागल्या. लॅसेल्सने एक तळहात कर्ण्याच्या पेटीवर ठेवला होता, डोळे मिटले होते, मान डोलत होती. त्याला येत होतं. मी मनातल्या मनात चरफडले.

तेवढ्यात वेंडेलने आपल्या यंत्राचं एक बटण सर्रकन फिरवलं. लोकांना पेटवायची ही त्याची नेहमीची युक्ती, खालचा सगळा आवाज बंद करून टाकायचा. ड्रम गेला, बेस गेला. उरली नुसती सुरी. झांजा एवढ्या कर्कश की माझे दात शिवशिवले. लोक किंचाळायला लागले, हात वर, रुमाल वर.

लॅसेल्सने डोळे उघडले. त्याच्या हाताखालची पेटी थंड पडली होती. त्याने दोन्ही हात लावून बघितले. तबकडीकडे पाहिलं, ती फिरत होती. वाकून तारा चाचपल्या, एक खोचलेली तार पुन्हा खोचली. मग घाईघाईने त्याने सुई उचलली आणि माईक हातात घेतला.

"माफ करा मंडळी, बंद पडलं. काहीतरी बिघडलं."

मग जो हशा फुटला! "म्हणतो बंद पडलं! वा रे माझ्या राजा!" आणि पत्रे. सुई उचलली होती ना त्याने, ऐन रंगात, स्वतःहून. आजवर कुणी असा झटका दिला नव्हता. वेंडेलने सोन्याचा दात दाखवत शाबासकीचा अंगठा वर केला.

लॅसेल्सने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. बंद पडलं नव्हतं. त्याला कळलं. त्याचा चेहरा असा पडला की मघाशी मी देवाकडे काय मागत होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण शब्दाचा पक्का माणूस. त्याने माईक पुन्हा तोंडाशी नेला. "ऐका. मी बहिरा झालोय. खरंच सांगतो. ह्या झांजा मला ऐकू येत नाहीत, कधीपासून येत नाहीत. मी अंदाजाने वाढवत होतो. आता माझ्याच्याने होणार नाही."

हसून हसून लोकांची पोटं दुखली. एका बाईने डोळे पुसले. "बहिरा म्हणे! सुरीवाला बहिरा!" मिस्टर यप पुढे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी आल्याच्या पेयाच्या खोक्यावर चढले आणि जीव खाऊन ओरडले, "अरे खरं बोलतोय तो! हसताय काय, खरं बोलतोय!" एवढे पत्रे वाजत होते, माझा आवाज माझ्याही कानापर्यंत पोचला नाही. ते बघून बाजूचे दोघे माझ्याबरोबर ओरडायला लागले, त्यांना वाटलं मी आनंदाने ओरडतेय.

वेंडेलने त्याला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या. लॅसेल्स त्याच्या मिठीतून सुटला आणि खोक्याजवळ आला. टाचा उंचावून त्याने उजवा कान माझ्या तोंडाशी आणला.

"ऐकलं ना त्यांनी? काय म्हणताहेत, आयसी?"

हसताहेत, हे मला त्याला सांगवेना. त्याने पुन्हा विचारलं. मागे कुंपण कोसळत होतं, बाटल्या आपटायला सुरुवात झाली होती, आणि सुई ठेवायला उशीर झाला की बाटल्या कुठे येतात ते मला ठाऊक होतं. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि कानात ओरडले.

"पुन्हा लाव म्हणताहेत."

तो माघारी गेला, सदऱ्याच्या टोकाने तबकडी पुसली आणि सुई पहिल्यापासून ठेवली.